माळ्यावरचा तंबोरा आणि भाच्याची गिटार

आमच्या तासगावच्या जुन्या घराच्या वाटण्या झाल्या, तेव्हा तांब्याचा बंब तराजूवर चढला. घंगाळ चढले, पराती चढल्या, समयाही चढल्या. मोडीच्या खरेदीला आलेला माणूस तोंडाने आकडे सांगत होता आणि माझा चुलतभाऊ ते वहीच्या मागच्या पानावर लिहून घेत होता. शेवटी माळ्यावरून एक लांबलचक वस्तू खाली आली. गवसणी उंदरांनी कुरतडलेली, तारा तुटून लोंबणाऱ्या. "ही सतार का हो?" त्याने विचारले. "तंबोरा," मी म्हणालो. त्याने भोपळ्यावर बोटाने टकटक केले, कुठे पितळ आहे का ते पाहिले आणि मान हलवली. "यात वजनाचं काही नाही. पंधराशे देतो. कुणीतरी शोभेला घेईल."

चुलतभावाने माझ्याकडे पाहिले, मी त्याच्याकडे पाहिले. नको म्हणायला कुणीच पुढे आले नाही. तंबोरा टेंपोत बंबाशेजारी आडवा झाला आणि गेला.

तो आमच्या आत्याचा होता. आत्या अकाली विधवा होऊन माहेरी परतली आणि पुढची तीस-बत्तीस वर्षे गावातल्या मुलींना गाणे शिकवून तिने आपला खर्च आपण भागवला. तंबोऱ्यांची जोडी होती. दुसरा त्या दिवशी वरच्या खोलीत कपाटामागे उभा होता म्हणून राहिला. आमच्या शहाणपणामुळे तो वाचला असे म्हणण्याची सोय नाही.

ही गोष्ट मी विसरूनही गेलो असतो. पण त्यानंतर काही महिन्यांनी माझा भाचा एका जुन्या इलेक्ट्रिक गिटारच्या मागे लागला आणि त्याने मला, नकळत का होईना, चांगलेच लाजवले.

सांगली-मिरजेकडे गणेशोत्सवात वाजवणारे ऑर्केस्ट्रे असत. अशाच एका मोडलेल्या ऑर्केस्ट्रातली गिटार विकायची होती. डोक्यावर 'फेंडर' हे जगप्रसिद्ध अमेरिकन नाव आणि सांगितलेली किंमत चाळीस हजार. भाचा इंजिनिअरिंगला आहे. तो म्हणाला, "मामा, तुम्ही फक्त सोबत चला. बोलायचं मी बघतो." मी गेलो. त्याने गिटार हातात घेऊन लगेच वाजवायला सुरुवात केली नाही, याचेच मला नवल वाटले. मालकाची परवानगी घेऊन त्याने आधी खिशातला स्क्रू ड्रायव्हर काढला.

मागचे चार स्क्रू काढताच गिटारची मान धडापासून वेगळी झाली. ती जिथे धडात बसते त्या टोकावर, जुन्या फेंडर गिटारींत, कारागिराने पेन्सिलीने लिहिलेली किंवा शिक्क्याने उठवलेली तारीख पुष्कळदा सापडते. इथे कोरे लाकूड होते. मग त्याने पुढची पट्टी सैल केली. आवाज लहानमोठा करण्याच्या बटणाखाली जो विजेचा लहानसा भाग असतो, त्याच्या पाठीवर आकडे छापलेले असतात. पहिले तीन आकडे तो भाग बनवणाऱ्या कारखान्याचे आणि त्यापुढचे वर्षाचे व आठवड्याचे. म्हणजे १३७-६६-३२ असे आढळले, तर तो भाग सीटीएस या कारखान्यात १९६६ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यात तयार झाला आणि गिटार त्याआधीची असणे शक्य नाही. इथे असा कोणताच आकडा नव्हता. साधारण १९७६ पासून फेंडरचे क्रमांक डोक्यावर आले आणि त्यात सत्तरच्या दशकाला 'एस', ऐंशीच्या दशकाला 'ई', नव्वदच्या दशकाला 'एन' अशी अक्षरे आली. इथे क्रमांक होता, पण अक्षर नव्हते. आणि नाव? नखाने जरा खरवडताच त्याचा कोपरा उचलला गेला. ते वरून चिकटवलेले होते.

मला वाटले, आता हा उठणार. तो उठला नाही. त्याने मान पुन्हा घट्ट बसवली. एका बोटाने तार पहिल्या पडद्यावर आणि दुसऱ्या हाताने शेवटच्या पडद्यावर दाबून मधल्या फटीकडे डोळा लावला. मान वाकली आहे का, हे पाहण्याची ती सोपी रीत आहे. तारांनी पडद्यांवर किती खाचा पाडल्या आहेत ते पाहिले. तारेचे कंपन टिपून त्याची वीज करणारी चुंबकाची वेटोळी तिन्ही जागी चालतात का, बटण फिरवताना खरखर येते का, हे ध्वनिवर्धकाला जोडून ऐकले. मग शांतपणे म्हणाला, "काका, ही इथलीच कुणीतरी बनवलेली गिटार आहे. नाव खोटं आहे, पण लाकूड बरं आहे आणि वाजते चांगली. मी सात हजार देतो." मालकालाही ते नाव कुणी चिकटवले हे ठाऊक नव्हते. सौदा झाला. दोघेही समाधानी होते आणि कुणी कुणाला फसवले नव्हते.

परतताना मी गाडीत गप्प होतो. एका परक्या देशातल्या वाद्याची जन्मतारीख या पोराला शोधता येते आणि घरापासून जेमतेम तासाभराच्या अंतरावर, मिरजेत घडलेल्या आमच्या तंबोऱ्याबद्दल मला काय सांगता येत होते? एवढेच, की त्यात पितळ नाही.

हा दोष माझ्या एकट्याचा असता, तर रविवारच्या सकाळी वाचकांचा वेळ घेतला नसता. पण या भागात ज्या ज्या घरात गाणे होते, त्या प्रत्येक घरात आज ना उद्या हा प्रसंग येणार आहे. आणि गाणे होते ते काही थोडक्या घरांत नव्हते. बालगंधर्वांचे नागठाणे आमच्या शेजारच्या पलूस तालुक्यातले. 'पलुस्कर' हे आडनावच त्या पलूस गावावरून आलेले. विष्णु दिगंबर पलुस्कर १८७२ साली कुरुंदवाडला जन्मले, लहानपणी फटाक्याने डोळे अधू झाले म्हणून गाण्याकडे वळले, मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले आणि १९०१ साली त्यांनी थेट लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. किराण्याहून आलेले खाँसाहेब अब्दुल करीम खाँ मिरजेचे झाले. १९३७ साली ते गेले, तेव्हा त्यांचे दफन मिरजेच्या मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात झाले. दरवर्षी तिथे त्यांच्या स्मरणार्थ गायक हजेरी लावतात.

या साऱ्या गाण्यामागे जो 'सा' घुमत होता, तो मिरजेच्या कारागिरांनी घडवलेला होता. मूळचे हे शिकलगार, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला संस्थानिकांच्या शस्त्रांची गरज सरली आणि धार लावणारे हात रिकामे झाले. त्यांतल्या फरीदसाहेबांनी आधी वाद्यांची दुरुस्ती आणि मग वाद्येच करायला घेतली. पुढे त्या घराण्यांना 'सतारमेकर' हेच आडनाव पडले. तलवारीचे पाते डोळ्यासमोर धरून त्याची सरळाई पाहणारी नजर तंबोऱ्याच्या दांडीवर गेली. पटवर्धन संस्थानिकांनी गायकांना आश्रय दिला, गायकांनी कारागिरांना काम दिले आणि मिरजेच्या तंबोऱ्याचे नाव देशभर झाले.

असे असताना आपल्याला तंबोऱ्याची पारख का नसावी? आपण तासगावकर पारखीत काही कच्चे नाही. द्राक्षाच्या 'तास-ए-गणेश' या जातीच्या नावात आमच्या गावाचे नाव आहे. बेदाण्याच्या बाजारात व्यापारी मूठभर माल तळहातावर घेतो, रंग, आकार, ओलावा पाहतो, एक दाणा तोंडात टाकतो आणि दर सांगतो. कोणाच्या बागेतला, कोणत्या शेडवर वाळवलेला, हेही सांगणारे आहेत. ही नजर उपजत नसते, रोजच्या व्यवहारातून ती येते. तंबोऱ्याशी रोजचा व्यवहार सुटला आणि नजर गेली. १९७९ च्या सुमारास बंगळुरात विजेवर वाजणारा तंबोरा तयार झाला. पुढे तो हातात मावेल एवढ्या पेटीत आणि आता मोबाइलमध्ये आला. त्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही. एसटीने क्लासला जाणाऱ्या मुलीने पाच फुटी तंबोरा कुठे मांडीवर घेऊन बसायचे? पण त्या पेटीने माळ्यावरचा तंबोरा मुका केला, हेही खरे.

म्हणून मी उरलेला तंबोरा गाडीच्या मागच्या बाकावर आडवा घातला आणि मिरजेला सतारमेकर गल्लीत नेला. तिथे एका वयस्क कारागिरासमोर दीड-दोन तास बसून जे पाहिले-ऐकले, ते घरोघरी उपयोगी पडेल म्हणून सांगतो.

पहिला प्रश्न, वाद्य कोणते? भोपळा असलेला तंबोरा हा आपल्या हिंदुस्थानी गाण्याचा. तंजावरकडचा तंबोरा फणसाच्या लाकडात कोरलेला असतो, त्याला भोपळा नसतो. मोठ्या घेराचा, लांब दांडीचा तो पुरुषी आवाजाचा, काळी एकच्या आसपास लागणारा. लहान तो बायकी, काळी चारच्या आसपासचा. आत्याची जोडी बायकी होती. भोपळा खाण्याचा नव्हे. पंढरपूरकडे, भीमाकाठच्या रानात तो मुद्दाम वाढवतात आणि वेलावर पिकवून महिनोन् महिने वाळवतात. गोल, भरदार, सारख्या जाडीचा मोठा भोपळा मिळणे हे नशिबाचे काम, म्हणून चांगल्या भोपळ्याचा जुना तंबोरा मोडीत काढण्याआधी दहादा विचार करावा. दांडी, गळा आणि तबली बहुधा तुणीच्या लाकडाची.

दुसरा प्रश्न, केव्हाचा आणि कोणाचा? इथे गिटारसारखे आकडे नाहीत. काही वाद्यांवर दुकानाची पट्टी असते, काहींवर काहीच नसते. मग खुणा वाचाव्या लागतात. कडेची पांढरी नक्षी सेल्युलॉइडची आहे की हस्तिदंताची? घोडी सांबरशिंगाची, हाडाची की लाकडाची? वन्यजीव संरक्षणाचा कायदा १९७२ साली झाला, पुढच्या दुरुस्त्यांनी हस्तिदंताचा व्यापार पूर्ण बंद झाला. त्यामुळे खरा हस्तिदंत असेल, तर वाद्य बहुधा त्याआधीचे. आणि हेही लक्षात ठेवावे, की तसे वाद्य विकायला काढण्यापूर्वी वनखात्याकडे चौकशी करणे भाग आहे. पॉलिश लाखेचे, हाताने चढवलेले आहे की अलीकडचे फवाऱ्याचे? वेलबुट्टीची पाने कशी वळवली आहेत? कारागिराने आमच्या तंबोऱ्याच्या गळ्यावरच्या पानांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "हा आमच्या थोरल्या चुलत्यांचा हात." मी विचारले, कशावरून? तो हसला. "तुमच्या वडिलांचं अक्षर तुम्ही कशावरून ओळखता?"

तिसरा प्रश्न, प्रकृती कशी आहे? भोपळ्याला चीर आहे का, हे बोटाने ठोकून कळते. सलग भोपळा घुमतो, चिरलेला बदबदतो. दांडी खुंट्यांच्या बाजूने एक डोळा मिटून पाहावी, वाकली असेल तर दिसते. गळ्याचा सांधा ताणाने सुटला आहे का? घोडीखाली तबली बसली आहे का? लाकडाचा पिठासारखा भुगा गळतो का? कारण कीड आत असते आणि वरून सारे चकचकीत दिसते. चिरलेला भोपळा सांधता येतो, खुंट्या नव्या बसवता येतात, घोडीची जवारी तर काढावीच लागते. पण वाकलेली दांडी आणि खचलेली तबली हे खर्चाचे काम. नव्या तंबोऱ्याच्या किमतीतून हा खर्च वजा केला, की जुन्याची निदान बाजारातली किंमत हाती लागते.

आता माझे म्हणणे. किंमत आणि मोल या दोन गोष्टी आपण एकाच तराजूत घालतो. आणि त्या वेगळ्या का, हे गिटारवाल्यांकडूनच शिकावे. त्यांच्या बाजारात मूळ सुटे भाग, मूळ रंग यांना फार महत्त्व. रंग नवा दिला की जुन्या गिटारची किंमत निम्म्यावर येते, असा त्यांचा ढोबळ हिशेब आहे. तरीही 'पिंक फ्लॉइड'च्या डेव्हिड गिलमोरची काळी फेंडर २०१९ साली न्यूयॉर्कच्या लिलावात ३९ लाख ७५ हजार डॉलरला गेली. त्या गिटारची मान बदललेली होती, चुंबके बदललेली होती, तिच्यात अनेक फेरफार झालेले होते. मग एवढी किंमत का? ती कोणी वाजवली, कोठे वाजवली आणि तिच्यात केव्हा काय बदलले, याची नोंद आहे म्हणून. बदलाने वस्तूचे मोल जात नाही, नोंद नसल्याने जाते.

तंबोऱ्याला तर हे दुप्पट लागू आहे. गिटार पेटीत न वापरता राहिली तर तिचा भाव वाढतो. तंबोरा न वापरता राहिला तर तो मरतो. वाजत असलेल्या तंबोऱ्याच्या तारा बदलतात, घोडी झिजते, जवारी पुन्हा पुन्हा काढली जाते. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ स्वतः वाद्यदुरुस्तीत तरबेज होते. एवढा मोठा गवई घोडी घासायला बसत असे, कारण जवारी लागली नाही तर सूर उघडत नाही. दुरुस्तीचे डाग ही तंबोऱ्याची वंशावळ आहे. तो कोणाच्या मांडीवर होता, हे सांगणारा माणूस घरात असेपर्यंत ती वाचता येते. नंतर ते नुसते लाकूड.

२०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. आपल्या जिल्ह्याच्या बेदाण्याला ते २०१६ साली आणि हळदीला २०१८ साली मिळालेले होते. आनंदाची गोष्ट आहे. यापुढे कोणी कुठल्याही वाद्यावर मिरजेचे नाव चिकटवू लागला, तर त्याला अडवता येईल. पण मानांकन गावाचे नाव सांगते, हाताचे सांगत नाही. 'मिरजेचा तंबोरा' एवढ्याने काम भागणार नाही. कोणी केला, कोणत्या साली केला, भोपळा कोठला, हेही त्यावर असायला हवे. भाच्याच्या गिटारच्या दुनियेत एक कारागीर पेन्सिलीने तारीख टाकतो आणि सत्तर वर्षांनी तीच पेन्सिल साक्षीला उभी राहते. आमच्या कारागिरांनी तबली बसवण्याआधी आत दोन ओळी लिहून ठेवायला कितीसा खर्च येणार आहे? आपले नाव मिरवू नये ही त्यांची विनयाची रीत मला समजते. पण त्या विनयात उद्या त्यांचीच ओळख बुडेल.

दुसरे काम आपले, घरातल्यांचे. मिरजेत संगीताच्या निमित्ताने माणसे जमतात, तेव्हा एखादा दिवस जुनी वाद्ये दाखवायला आणण्याचा ठेवावा. जाणत्या कारागिरांनी ती पाहावीत, वयाचा नि घराण्याचा अंदाज सांगावा आणि त्याची नोंदवही व्हावी. ज्यांना वाद्य नको असेल, त्यांनी ते दुरुस्त करून गाणे शिकणाऱ्या मुलाला द्यावे. आणि एवढेही झाले नाही, तरी एका कागदावर लिहून तो गवसणीत ठेवावा, की हा तंबोरा अमकीचा, ती अमक्या साली गात होती. हे काम ती माणसे हयात आहेत तोवरच होऊ शकते.

कोणी म्हणेल, पोटापाण्याच्या काळजीत असल्या हळवेपणाला कुठे जागा? त्यांनी आमच्या व्यवहाराकडेच पाहावे. त्या दिवशी आम्ही हळवेपणा टाळला म्हणून शहाणे ठरलो नाही. आम्ही अडाणी म्हणून फसलो. त्या कारागिराने सांगितले, की एकाच हाताची, एकाच वेळी लावायला केलेली बायकी जोडी आता मागूनही मिळत नाही. जोडी असती तर तिला गवयांकडून मागणी होती. "दुसरा कुठे आहे?" त्याने विचारले. मी खाली पाहिले.

आमचा तंबोरा दुरुस्त होऊन घरी आला आहे. मी गवसणीत कागद ठेवला आहे. आत्याचे नाव, तिची साल, कारागिराच्या चुलत्यांचे नाव आणि दुरुस्तीची तारीख. कागदाच्या शेवटी मी हेही लिहिले, की याची जोडी होती आणि ती आम्ही पंधराशे रुपयांना विकली. ती ओळख लिहिताना हात अडखळला, पण लिहिली. नोंद ठेवायची तर खरी ठेवावी, एवढे भाच्याने शिकवले आहे.

परवा तो आला होता. त्याने घोडीवर जीवा सरकवून पाहिला आणि आपली गिटार जुळवावी तशी एकेक तार लावली. पंचम लागला, जोड लागली, खर्ज लागला. माझी आई आतून बाहेर आली आणि दारातच उभी राहिली. कितीतरी वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "वन्सं आल्या असं वाटलं बघ."

त्याची किंमत कोणत्या तराजूवर करायची, हे मला अजून कळलेले नाही. पण मोडीवाल्याच्या तराजूवर ती करायची नव्हती, एवढे निश्चित कळले.